पांझरेकाठी शंकर आला

शंकर नावाचा पक्षी चिमणीएवढा असतो, आणि त्याने आमच्या घरातली तीन माणसं एका रविवारी सकाळी पांझरा नदीच्या चिखलात उतरवली.

चूक पक्ष्याची नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. घरातले काही लोक (म्हणजे दाजी) अजूनही त्यालाच दोष देतात, म्हणून सांगावं लागतं.

मी धुळ्यात चौतीस वर्षं मराठी शिकवलं. ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत मी इतका कडक की आमच्या हिने भाजीची यादी लिहिली तरी मी लाल पेनाने ‘कोथिंबीर’ दुरुस्त करून मगच बाजारात जायचो. अशा माणसाला निवृत्तीनंतर घरात ठेवून घेणं कुणालाही जड जातं. सुनंदाने (ही म्हणजे सुनंदा) डॉक्टरांकडून मला रोज सकाळी चालायला जाण्याची सक्ती करवून घेतली. रक्तदाब कुणाचा कमी करायचा होता ते मी विचारलं नाही.

नदीकाठच्या पायवाटेवर मला निकम सर भेटले. ते बँकेतून निवृत्त झालेले, आणि गळ्यात दुर्बीण. म्हणाले, “नाना, नुसतं चालून काय करता? हिवाळ्यात इथे हजारो मैलांवरून पाखरं येतात. बघत चला.” मी बघत चाललो. म्हणजे ते बघत होते आणि मी त्यांच्या मागे चालत होतो.

“तो बघा, थिरथिरा.”

“कुठे?”

“बाभळीवर. डावी फांदी. तिला फुटलेली बारकी फांदी. तिच्या टोकाला.”

मी डावी फांदी शोधेपर्यंत थिरथिरा उजवीकडे गेलेला असायचा. वटवट्या नावाचे पक्षी तर सगळे एकाच कापडातून बेतलेले, मातकट. निकम सर नुसत्या आवाजावरून सांगायचे, “हा बोरू वटवट्या.” मी मान डोलवायचो. तीन महिन्यांत मला स्वतःच्या हिमतीवर ओळखता आला तो फक्त परीट, कारण तो माझ्या पुढ्यात येऊन शेपूट हलवत उभा राहायचा. सुनंदाचं मत असं की ज्या माणसाला फडताळातला समोरचा डबा दिसत नाही, त्याने नदीवर पाखरं शोधायला जाणं हा पाखरांवर अन्याय आहे.

निकम सरांनी एक व्हॉट्सॲप ग्रुप काढला होता, नाव ‘हिवाळी पाहुणे’. कुणाला काही दिसलं की लगेच त्यावर नोंद टाकायची: कुठे, कसा, काय करत होता. सगळे टाकायचे. मी फक्त अंगठे दाखवायचो. मनातून फार लागायचं. माझ्या नावावर एक तरी नोंद असावी, आणि ती अशी असावी की लोकांनी शुद्धलेखनासकट लक्षात ठेवावी, एवढीच इच्छा होती.

आता जरा शंकरबद्दल सांगतो. पक्षी नाही, माझा भाऊ.

शंकर माझ्याहून सात वर्षांनी धाकटा. आमचं गाव साक्रीच्या बाजूला. मी शिकून धुळ्याला आलो, तो सुरतेला गेला, कापडाच्या कामात. सहा वर्षांपूर्वी माझ्या मुलीचं लग्न निघालं तेव्हा तो दहा दिवस आधीच येऊन राहिला. मंडप बघ, उडीद निवड, आचाऱ्याशी भांड, सगळं त्याने केलं. मी काय केलं? मी पत्रिका लिहिली. छापखान्यातून आलेली प्रूफं चार वेळा तपासली. ‘आशिर्वाद’ होतं तिथे ‘आशीर्वाद’ केलं. ‘सहकुटूंब’मधला टू ऱ्हस्व केला. निमंत्रकांची अकरा नावं वयाप्रमाणे लावली. तळाला ‘आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं!’ म्हणून चार महिन्यांच्या बाळाचंही नाव घातलं, ज्याला अजून बसता येत नव्हतं.

शंकरचं नाव राहिलं.

पत्रिकांचा गठ्ठा आला. सुरतेतल्या मित्रांना द्यायला म्हणून त्याने वीस-पंचवीस बाजूला काढल्या, आणि ओट्यावर उभ्या उभ्या त्यातली एक वाचली. मग त्या सगळ्या नीट परत गठ्ठ्यात ठेवल्या. मला आमच्या अहिराणीत म्हणाला, “नाना, अकरा नावं शेत.” शेत म्हणजे आहेत. मी पत्रिकेवरची नावं बोटाने मोजली, अकराच होती. पण माझ्या हातून चूक झाली असं चौतीस वर्षांत मी कधी कुणाला म्हटलं नव्हतं. म्हणालो, “छापखान्यानं घोटाळा केला वाटतं.” शेवटच्या प्रूफावर माझी सही होती. ते प्रूफ त्याच ओट्यावर पडलेलं होतं. त्याने ते आधीच पाहिलं होतं, हे मला नंतर कळलं. लग्न पार पडेपर्यंत तो थांबला, वाढपं केलं, पंगती उठवल्या आणि संध्याकाळच्या गाडीने गेला. लग्नासाठी आम्ही ‘लग्नाचे पाहुणे’ असा एक ग्रुप काढला होता, त्यातूनही त्याच रात्री बाहेर पडला. त्यानंतर तो आला नाही, आणि मी बोलावलं नाही. एक फोन करून ‘चूक माझी’ म्हणायचं होतं. दोन शब्द. पण दिवाळी गेली, मग संक्रांत गेली, आणि उशीर झाला की उशिराचंच ओझं होतं. आमची आई, अक्का, माझ्याकडेच असते. ती मला काही बोलली नाही. फक्त सुरतेची गाडी किती वाजता येते, हे ती अधूनमधून विचारायची.

लग्न झालं तरी ‘लग्नाचे पाहुणे’ हा ग्रुप तसाच राहिला. त्यावर घरचे सगळे गुड मॉर्निंगची फुलं टाकतात. माझ्या फोनवर तो ‘हिवाळी पाहुणे’च्या लगेच खाली दिसतो. चष्मा असला तर दोन्ही वेगवेगळे दिसतात. पण दुर्बीण लावायची म्हणजे चष्मा कपाळावर चढवावा लागतो.

तर त्या रविवारी निकम सर नाशिकला गेले होते. मी एकटाच जुन्या पंपघरापाशी पोचलो. मागे नदीत पाणकणसं माजलेली, खाली चिखल. आणि चिखलात एक मातकट पाखरू टुणटुण उड्या मारत बाहेर आलं, माझ्याकडे वळलं, आणि मी चष्मा कपाळावर चढवून सरांनी दिलेली जुनी दुर्बीण लावली. गळा निळा! झगझगीत निळा, मध्ये तांबूस ठिपका. निकम सर सगळा हिवाळा ज्याची वाट पाहत होते तो हाच. इंग्रजीत काहीही म्हणोत, मराठीत याला शंकर म्हणतात, निळ्या गळ्यामुळे. आणि तो मला दिसला होता, मला, एकट्याला, सरांच्या बोटाशिवाय.

फोन काढला आणि आयुष्यातली पहिली नोंद लिहिली. ती अशी:

“शंकर आला! पांझरेकाठी जुन्या पंपघरामागे पाणकणसांत आहे. आत्ता प्रत्यक्ष पाहिला. एकटाच आहे. अंगाचा रंग मळकट, पण गळ्याशी निळा पट्टा स्पष्ट दिसतो. चिखलात मिळेल ते वेचून खातो आहे. फार लाजाळू, माणसाची चाहूल लागली की झुडपात शिरतो. दरवर्षी एवढ्या लांबून येतो, महिनोन्‌महिने इथे राहतो आणि आपल्याला पत्ता नसतो, हे आपलं दुर्दैव. ज्यांना पाहायचं असेल त्यांनी लगेच या. आवाज करू नका, नाहीतर पळून जाईल.”

फोन नाकाशी धरून ऱ्हस्व-दीर्घ दोनदा तपासले. ग्रुपचं नाव तपासलं नाही. पाठवून दिलं आणि फोनचा आवाज बंद करून खिशात टाकला. पक्षी बघताना फोन बंद ठेवायचा, हा निकम सरांचा नियम आहे.

घरी काय झालं ते मला मागाहून कळलं. सुनंदाने मेसेज वाचला, पुन्हा वाचला, आणि अक्काला मोठ्याने वाचून दाखवला. ‘चिखलात मिळेल ते वेचून खातो’ इथे अक्का खाली बसली. ‘गळ्याशी निळा पट्टा’ इथे ती उठली. म्हणाली, “मना मफलर शे तो. साक्रीना बजारमा लियेल.” तिने कधीतरी शंकरला घेऊन दिलेला निळा मफलर. सुनंदाने शंका काढली की सुरतेतलं काम सुटलं असेल, लाजेने घरी येत नसतील. दरवर्षी येतात आणि नदीवर राहतात! तोवर अक्काने तव्यावर कळण्याची (म्हणजे ज्वारी-उडदाची) भाकरी टाकलीही होती. चार भाकरी, ठेचा, फडक्यात गाठ. दोन आत्ता खायला आणि दोन बरोबर न्यायला.

विमलताई, माझी मोठी बहीण, पलीकडच्या काठाला देवपुरात राहते. तिचे यजमान म्हणजे आमचे दाजी, पोलीस खात्यातून हवालदार म्हणून निवृत्त. ‘नाहीतर पळून जाईल’ हे वाक्य त्यांनी नोकरीतल्या कानांनी ऐकलं. ताईला म्हणाले, “ते लोक तिकडून येतील. आपण या काठाने जाऊ. वाट बंद केली पाहिजे.”

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी पंपघराच्या भिंतीला टेकून उकिडवा बसलो होतो. शंकर दोनदा बाहेर येऊन गेला होता. इतक्यात मागे पावलं वाजली. वळून बघतो तर सुनंदा आणि तिच्या हाताला धरून अक्का! रिक्षा वर रस्त्यावर उभी. मला वाटलं, ग्रुपवरची नोंद निकम सरांनी सुनंदाला पाठवली असावी आणि सगळं घर माझा पहिला पक्षी बघायला आलं असावं. भरून आलं हो. इतक्या वर्षांत माझ्या कुठल्याही गोष्टीत घरच्यांनी एवढा रस घेतला नव्हता.

मी ओठांवर बोट ठेवलं. अक्का माझ्याशेजारी वाकली.

“कोठे शे?”

“त्या पाणकणसांत. आत्ता बाहेर होता.”

“माले दखाड.”

“येईल. हलू नको फक्त.”

अक्काने फडक्याची गाठ पोटाशी धरली. मग हळूच म्हणाली, “दरसाल येस?”

“दरसाल, अक्का. दिवाळीच्या सुमाराला येतो, उन्हं तापली की जातो. आपणच कधी बघितलं नाही.”

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पक्षी बघता बघता माणूस हळवा होतो, असं निकम सर नेहमी म्हणतात. मला ते पटलं.

“बारीक व्हयना का रे?”

“बारीकच असतो तो. पण चपळ आहे.”

“आन निजस कोठे?”

“तिथेच, झुडपात.”

सुनंदाने पदर तोंडाला लावला. मी तिलाही समजावून सांगितलं, की काळजी करण्यासारखं काही नाही, त्याला सवय असते. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी दुर्बीण पुन्हा डोळ्यांना लावली.

पलीकडच्या काठावर पाणकणसं हलली आणि आवाज आला, “नाना, मी इकडून अडवून धरतो. तुम्ही तिकडून या.” दाजी होते. पँट गुडघ्यापर्यंत वर, हात दोन्ही बाजूंना पसरलेले, आणि मागे काठावर विमलताई त्यांच्या चपला घेऊन उभी. एकच चप्पल तिच्या हातात होती. दुसरी पांझरेने घेतली होती.

“दाजी, आवाज नको!” मी दबक्या आवाजात ओरडलो. “भितो तो.”

“भिऊ दे. या वेळी सुटू देणार नाही.”

सुनंदाने माझी बाही ओढली. “अहो, एकटेच आलेत का? ज्योती नाही बरोबर?”

“एकटाच असतो या दिवसांत,” मी म्हणालो. “मादी असेल तर... कोण ज्योती?”

ज्योती ही शंकरची बायको. माझी भावजय. हे मला माहीत होतं, पण डोक्यात पोचायला जरा वेळ लागला. मी कपाळावरचा चष्मा खाली घेतला. खिशातून फोन काढला. एकतीस फोन येऊन गेले होते. आणि माझी नोंद, एकही ऱ्हस्व-दीर्घ न चुकलेली, ‘लग्नाचे पाहुणे’मध्ये होती. खाली विमलताईचे चार रडके चेहरे आणि भाच्याचा प्रश्न, “मामाला ॲम्ब्युलन्स लागेल का?”

मी वर पाहिलं तेव्हा अक्का शेजारी नव्हती. ती पाणकणसांपाशी पोचली होती. एक पाय चिखलात, हातात फडक्याची गाठ.

“शंकर,” ती बोलत होती, अगदी हळू, घरात हाक मारावी तसं. “ये भो. मी शे. कोनी काही बोलत नही तुले. भाकर आनी शे.”

मी गेलो. चिखलातून गेलो, बूट तिथेच राहिले. तिच्या खांद्याला हात लावला. तेवढ्यात पाणकणसांतून शंकर उडाला. पाण्यालगत, खाली खाली, सरळ पलीकडच्या काठाकडे. दाजी दोन्ही हात पसरून उभे होते, त्यांच्या काखेखालून तो निघून गेला आणि त्यांना ते कळलंही नाही.

“अक्का,” मी म्हणालो, “तो... आत्ता गेला ना, तोच शंकर.”

अक्का त्या दिशेने बघत राहिली.

“हाऊ? पाखरू?”

“पक्षी आहे. त्याचं नाव शंकर आहे. मी लिहिलं ते त्याच्याबद्दल. चुकून आपल्या ग्रुपवर गेलं.”

मला ती चार शब्द बोलली असती तर बरं वाटलं असतं. तिने फक्त चिखलातला पाय काढायला माझा हात धरला, आणि काठावर आल्यावर सोडला. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ पोरांना पट्टीने मारलं आहे. त्यातल्या कुणालाही माझ्याइतकं लागलं नसेल.

तेवढ्यात सुनंदाचा फोन वाजला. पडद्यावर ‘शंकरभाऊजी’. माझ्या बायकोकडे माझ्या भावाचा नंबर आहे, हे मला सहा वर्षांत पहिल्यांदा कळलं. तिने रिक्षातून त्याला मेसेज पाठवून दिला होता, ‘भाऊजी, हे खरं आहे का?’ म्हणून. आता तिने फोन स्पीकरवर टाकून अक्काच्या पुढे धरला.

“अक्का, मी सुरतमाच शे,” शंकर म्हणाला. “घरमा. चहा पी राहिनू. ते नाना पाखरं दखस आते, त्यानं शे ते.”

“बरा शे ना तू?”

“बरा शे. तू चिखलमा नको उभी राहू. नानाले दे.”

फोन माझ्या हातात आला. सुनंदा बघत होती, अक्का बघत होती, पलीकडून विमलताई हात कानाशी नेऊन ‘काय झालं’ विचारत होती. रिक्षावालाही खाली उतरून आला होता.

“नाना.”

“बोल.”

“वाचं मी. चांगलं लिखेल शे.”

“अरे, तो पक्षी आहे. निळ्या गळ्याचा, म्हणून त्याला...”

“समजनं.” चहाचा घोट घेतल्याचा आवाज आला. “आवंदा नाव लिखाले इसरना नही तू.”

हीच ती वेळ होती. यापेक्षा सोपी वेळ कुणाला मिळत नाही. भाऊ फोनवर, आई समोर, चूक पायाखाली पसरलेली. दोन शब्द म्हणायचे की झालं. मी घसा खाकरला.

“ते त्या वेळी छापखान्यानं...” मी म्हणालो.

“हा,” शंकर म्हणाला.

नदीवर कुठेतरी परीट बोलला. मला तो ओळखता आला, आणि तेवढ्याने काही भागणार नव्हतं.

“सुरतेला थंडी कशी आहे?” मी विचारलं.

“बरी शे.”

“बरं.”

“बरं,” तो म्हणाला आणि फोन ठेवला.

सुनंदाने माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि रिक्षाकडे चालू लागली. दाजी पुलावरून वळसा घालून एका चपलेने येत होते. मी पंपघराच्या पायरीवर बसलो, कारण बूट चिखलात होते आणि कुठे जायचं तेही सुचत नव्हतं. अक्का शेजारी येऊन बसली.

“ते पाखरू परत येई का?”

“येतं, अक्का. दरवर्षी येतं. त्याच झुडपात.”

“त्याले कोन बलावस?”

“कुणी नाही. आपलं आपण येतं.”

“बरं शे,” अक्का म्हणाली. “त्याले पत्रिका नही लागस.”

मग तिने फडकं मांडीवर घेतलं आणि गाठ सोडली. भाकरी अजून ऊन होत्या. तिने पहिली दुमडली, वर ठेचा लावला आणि माझ्यापुढे धरली. म्हणाली, “खाई ले. तू बी सकायथून उपाशी शे.” मी नको म्हणायला हवं होतं. त्या कुणासाठी केल्या होत्या ते मला माहीत होतं. पण पहिली खाल्ली. मग दुसरी. मग बरोबर न्यायच्या म्हणून बांधलेल्या दोन्ही. ‘चूक माझी’ एवढे दोन शब्द ज्या घशातून सहा वर्षांत वर आले नाहीत, त्याच घशातून शंकरच्या चारही भाकरी बिनतक्रार खाली गेल्या.